नाकावरचा गंडभेरुंड

"आता जे सांगतो त्यावर कुणाचा विश्वास बसायचा नाही," श्रीधररावांनी कॉफीचा लोटा खाली ठेवला, "पण मिग विमानाच्या नाकावर सोनेरी गंडभेरुंड काढणारा अख्ख्या हिंदुस्थानात एकच माणूस झाला, आणि तो तुझ्यासमोर बसलाय."

शलाका हसली. बंगळूरच्या हेब्बाळ भागातल्या त्या सातव्या मजल्यावर हल्ली कुणी हसत नसे. खिडकीपाशी तिचे वडील, अप्पा, बसले होते. व्यंकोजीरावांची उभी हयात हवाई दलात मिग विमानांच्या देखभालीत गेली होती. आता कित्येक महिने तोंडातून शब्द नव्हता. बोलत होते तेव्हाही शेवटी शेवटी पोटच्या पोरीला "सिस्टर, पाणी द्या" म्हणायचे.

शलाकाला एक वेड होतं. कॉम्प्युटरवर विमान उडवायचे खेळ असतात, त्यातल्या जुन्या रशियन विमानांना ती घरबसल्या रंग द्यायची. पडद्यावर आधी विमानाचं नुसतं कातडं पसरलेलं दिसे, पंख एकीकडे आणि शेपूट भलतीकडे. त्यात रंग भरला की ते कातडं विमानावर चढे आणि विमान ढगांत उडू लागे.

"अगं, हे विमान आहे की खाटकाच्या दुकानातलं बोकड?" पहिल्या दिवशी श्रीधररावांनी विचारलं होतं.

अप्पांनी ज्याची निगा राखली ते विमान तिला हुबेहूब रंगवायचं होतं. फोटो मात्र एकही नव्हता, हवाई तळावर कॅमेरा नेऊ देत नसत. म्हणून तिनं अप्पांच्या बालमित्राला, श्रीधररावांना बोलावलं. "काका, तुम्ही तळावर जाऊन विमानावर चित्र काढलं होतं ना? मी लहान असताना तुम्हीच सांगायचात."

सांगायचे खरे. पण श्रीधरराव बंगळूरच्याच शिवाजीनगरात, बसस्टँडच्या मागे, स्कूटरच्या नंबरप्लेटी रंगवणारे. तळाचं फाटकसुद्धा त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. रडणाऱ्या पोरीला गप्प करायला मारलेली थाप ती पोर केस पिकल्यावर परत मागायला आली, तर काय सांगणार?

"म्हणजे काय! व्यंकूच घेऊन गेला होता मला," ते म्हणाले होते.

मग दर रविवारी ते शिवाजीनगरहून बसनं यायचे आणि काहीतरी आठवून द्यायचे. शेपटीवर लाल पट्टा होता. पट्ट्याखाली वाघाचा पंजा होता. शलाका रंगवायची, विमान उडवायची आणि अप्पांची खुर्ची पडद्यासमोर ओढायची. अप्पा छताच्या पंख्याकडे बघत राहायचे. तिचा चेहरा उतरला की श्रीधररावांना पुढच्या रविवारी आणखी काहीतरी आठवायचंच.

आजचा रविवार शेवटचा होता.

"उद्या अप्पांना न्यायला त्या वृद्धसेवा केंद्राची गाडी येणार आहे," शलाका कॉफी ओतता ओतता म्हणाली. "नोकरी सांभाळून मला नाही झेपत, काका. अंघोळ घालताना मारतात. पण एकदा, फक्त एकदा मला ओळखलं ना, तर नाही पाठवणार. कशीही ठेवून घेईन."

म्हणून श्रीधररावांनी आज गंडभेरुंड बाहेर काढला होता. नाकाच्या टोकाला जो शंकू असतो ना, त्याच्यावर. दोन डोक्यांचा पक्षी, दोन्ही चोची उघड्या, अस्सल सोनेरी रंगात.

"पण काका, शंकू तर हिरवे असायचे म्हणतात. मी नेटवरच्या फोरमवर विचारलं तर एक पोलंडचा मुलगा—"

"पोलंडचा! तो होता तिथं? सोनेरी रंगाचा अख्खा डबा संपला गं. ते बघून रशियन साहेबानं टोपी काढली. चल म्हणाला मॉस्कोला, तिकडच्या सगळ्या विमानांवर काढून दे. मी विचारलं, तिकडे फिल्टर कॉफी मिळते? तो म्हणाला, नाही. मग मी म्हणालो, सरी, ठीक आहे, तर मग तूच इकडे ये!"

शलाका डोळे पुसत हसली आणि माउस हातात घेतला. दुपार कलेपर्यंत तिनं एकेक पीस रंगवलं. श्रीधरराव मागून सांगत होते, "चोच स्वल्प वाकव. हां, अशीच होती." सांगता सांगता त्यांना स्वतःलाच वाटू लागलं, अशीच होती.

विमान उडालं. तिनं ते वळवून समोरून दाखवलं. उन्हात नाकावरचा पक्षी लखलखला.

"अप्पा, बघा. तुमचं विमान."

व्यंकोजीरावांची मान हळूहळू पंख्यावरून खाली आली. डोळे पडद्यावर थांबले. ओठ हलले. शलाकानं त्यांचा हात घट्ट धरला.

"शंकूवर?" आवाज गंजलेला होता, पण शब्द स्वच्छ होते. "सोनेरी?"

"हो अप्पा! आठवलं?"

"शंकूच्या आत रडार असतं. सोनेरी रंगात धातूची पूड. फासली की रडार आंधळं. असं करणाऱ्याला आम्ही तळावरून हाकलला असता." त्यांनी मान वळवून श्रीधररावांकडे रोखून पाहिलं. डोळ्यांत ओळख होती, अगदी लख्ख. "श्रीध्या, तू कधी रे आला होतास तळावर? नंबरप्लेटी रंगवायचास तू."

शलाका पुढे झुकली. "आणि मी, अप्पा? मी कोण?"

व्यंकोजीरावांनी तिच्या हातातून आपला हात हळूच सोडवून घेतला, परक्या बाईच्या हातातून सोडवावा तसा.

"सिस्टर, याचं काही खरं धरू नका. हा लहानपणापासून थापाड्या आहे."