मापाची पट्टी

दोन फळ्यांच्या सांध्यात केससुद्धा शिरायचा नाही, अशी म्हाताऱ्या सुताराच्या कामाची ख्याती होती. पुढे हात थरथरायला लागले, मुलीने त्याला हत्यारं गुंडाळून ठेवायला लावली, आणि तो घरभर नुसत्या येरझारा घालू लागला. मग बायकोच्या घोट्यावरची जुनी जखम पुन्हा उघडली आणि त्याच्या हाताला काम मिळालं. बोलायला बरं नाही, पण खरं तेच आहे.

जखमेतून सारखं पाणी यायचं. घरी येणाऱ्या नर्सबाईंनी आधी स्पंजासारखी पातळ पट्टी दिली, ती दुपारपर्यंत चिंब. मग त्यांनी जाड, शिवलेल्या उशीसारखी पट्टी आणली. तिच्या पोटात पाणी धरून ठेवणारे दाणे होते. ती कशी लावायची, वरून बँडेज कसं गुंडाळायचं, हे त्यांनी सुताराला करून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी पट्टी बदलताना त्याने नवी पट्टी जखमेवर धरून पाहिली. चहूबाजूंनी बाहेर येत होती.

"नाकापेक्षा मोती जड!" म्हणत त्याने कानामागची पेन्सिल काढली, खूण केली आणि कात्रीने जखमेएवढीच पट्टी कापली. कापताना त्याचा हात जराही हलला नाही.

"कशी बसली?"

"छान," बायको म्हणाली.

पुढच्या खेपेला नर्सबाई येण्याआधीच सुताराने जुनी पट्टी काढून टाकून जखम धुऊन ठेवली होती. ती पाहून त्यांचा चेहरा उतरला. जखमेभोवतीची कातडी भिजून पांढरी पडली होती, सोलवटली होती. "असंच चाललं तर दवाखान्यात ठेवावं लागेल," त्या म्हणाल्या. बायकोने पलंगाची कड घट्ट धरली. तिची थोरली बहीण असाच पाय घेऊन दवाखान्यात गेली होती आणि पाय तिथेच ठेवून परत आली होती.

सुतार हादरला. आपलंच माप चुकतंय, असं धरून तो आणखी नेटाने, आणखी काटेकोर कापू लागला. एका सकाळी तो तसाच कापत बसलेला असताना नर्सबाई ठरल्यापेक्षा लवकर आल्या. चादरीवर बारीक दाणे सांडले होते.

"आता कळलं घोडं कुठं पेंड खातंय," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. "काका, ही कापायची नसते. कापली की दाणे जखमेत सांडतात, टोचतात. आणि पट्टी जखमेच्या बाहेर दोन बोटं यायलाच हवी, नाहीतर पाणी कातडीवर पसरतं."

सुताराने कात्री खाली ठेवली. त्याला बायकोकडे बघवेना.

"तुला टोचत होतं?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"किती दिवसांनी तुम्ही काहीतरी कापत होतात, अहो. शीळ घालत होतात."

नर्सबाई खिडकीपाशी जाऊन उगाचच पिशवी आवरू लागल्या. अजून वेळ गेलेली नाही, दोन आठवडे बघू, एवढंच त्या म्हणाल्या. सुताराने जखम धुतली, अख्खी पट्टी लावली. त्याच्या नजरेला ती बेढब, सैल वाटली. त्याने तशीच राहू दिली आणि थरथरत्या हातांनी बँडेज गुंडाळलं.

"टोचतंय?"

"छे, छान आहे."

तो पायाशी बसूनच राहिला. "खरं सांग."

तिने पाय जरासा हलवून पाहिला.

"टाचेपाशी जरा आवळलंय," ती म्हणाली.

सुताराने बँडेज पहिल्या वेढ्यापर्यंत सोडलं आणि पुन्हा गुंडाळायला घेतलं.