गुण्याला लागलेला हिरवा रंग

रविवारी सगळे नातेवाईक मेहुण्याच्या घरी आमची टेबलावरची छोटी आगगाडी धावताना बघायला येणार होते, आणि स्टेशनच्या इमारतीचं छप्पर काही बसत नव्हतं. पुढचे कोपरे टेकवले की मागचा एक वर राही. तो दाबला की पुढचा उचले. पुठ्ठ्याच्या भिंती मी सोडवल्या, पुन्हा चिकटवल्या. प्रत्येक कोपऱ्यात काटकोन तपासायचा लोखंडी गुण्या धरला, गोंद वाळेपर्यंत हलवला नाही. गुण्या म्हणे बरोबर, छप्पर म्हणे चूक. सवयीप्रमाणे मी स्वतःलाच दोष दिला.

मेहुणा पलीकडे रूळ पुसत होता. टेबल आणि गाडी त्याची, इमारती माझ्या, अशी आमची वाटणी. वयानं तो धाकटा, आवाजानं थोरला.

“भावोजी, रबरबँड लावा आणि दाबून चिकटवा. एवढ्याशा फटीत कोण डोकावतंय?”

“भिंतीच काटकोनात नाहीत. दाबून काय होणार?”

“मग हात थरथरले असतील तुमचे. यापुढे इमारती मी करतो, तुम्ही झाडं लावा. झाड वाकडं असलं तरी चालतं.” मग दाराकडे तोंड करून ओरडला, “ताई, यांना चष्मा बदलून दे गं!”

माझी बायको चहा घेऊन आली. “अहो, तो म्हणतोय तर करू दे ना त्याला.” तिनं ते मायेनं म्हटलं, म्हणून जास्त लागलं.

मी झाडांचं खोकं पुढ्यात ओढलं. पण मन मानेना. पूर्वी कुठंतरी वाचलेली एक तपासणी आठवली. पुठ्ठ्याच्या सरळ कडेला गुण्या टेकवून रेघ मारली, मग तो उलटा करून त्याच जागेवरून दुसरी. गुण्या खरा असेल तर दोन्ही रेघा एकावर एक पडतात. माझ्या रेघा कात्रीसारख्या फाकल्या.

गुण्या उजेडात धरला. पात्याच्या टोकाला हिरवा रंग वाळला होता. सिग्नल केबिनची दारं मेहुण्यानं परवाच हिरवी केली होती.

“रंगाचा डबा कशानं उघडलास?”

“झाकण चिकटलं होतं. हाताला लागलं त्यानं उचकटलं.” मग माझ्या हातात काय आहे ते त्याला दिसलं. “अहो, एवढीशी पट्टी! त्यावरून एवढं?”

“पट्टी नाही, गुण्या आहे! तू वाकवलास, आणि वर माझ्या हातांना नावं ठेवतोस? माझ्या डोळ्यांना?”

मी एवढा ओरडलो की बायकोच्या हातातला चहा बशीत सांडला.

“भावोजी, बसा. पाणी घ्या.”

त्या समजूतदार स्वरानं तर अंगाचा तिळपापड झाला. “पाणी नको. झाडं तू लाव!”

खोकं त्याच्याकडे ढकललं. कटरच्या पात्यानं भिंती सोडवल्या. पिशवीतून जाड बांधणीचं पुस्तक काढलं, त्याचा कोपरा तसाच रेघा मारून तपासला आणि भिंती त्याला टेकवून चिकटवल्या. गोंद वाळेपर्यंत पुस्तक हलवलं नाही. राग उतरला नाही; मी उतरू दिला नाही.

छप्पर चारी कोपऱ्यांवर टेकलं.

“बसलं की!” मेहुणा मागून म्हणाला, जणू त्यानंच बसवलं.

मी वळलो नाही. हात आता खरंच थरथरत होते, रागानं. त्याला दिसू नयेत म्हणून ते पुस्तकावर दाबून धरले होते.