आईच्या ओळीचं भात

गोदामाच्या वरच्या मजल्यावर एक खोली, खोलीत एक मशीन आणि मशीनपाशी मॅडम. दिवसभर बोलायला माणूस म्हणून नाही. हमाल नमुन्याच्या पुड्या ठेवी, "मॅडम, आल्या हो," म्हणे आणि पळे. पुडीवर नाव नाही, नुसता आकडा. दाणे दळायचे, त्यातला डीएनए काढून मशीनला द्यायचा. पोत्यावर लिहिलेलं वाणच आत निघालं तर माल पुढे. नाहीतर मालकानं यावं आणि आपली पोती परत न्यावीत.

त्या दिवशी एका पुडीत दुसरंच वाण मिसळलेलं निघालं. पडद्यावरची त्याच्या डीएनएची नक्षी बघून मॅडमनं खुर्ची पुढे ओढली. ही तर ओळखीची! मागे एका सुट्टीला करमेना, म्हणून तिनं आईच्या जुन्या बाटलीतले दाणे दळून मशीनला घातले होते. उगवायचे तर ते कधीच थांबले होते. मग काय, घरी बसून तरी कुणाशी बोलणार होती?

आई हे भात बांधाकडेला एकच ओळ लावायची, घरच्यापुरतं. दुसऱ्या कुणाकडे ते नव्हतंच. आई गेल्यावर मॅडमनं धाकट्या भावाकडे मूठभर बी मागितलं. "संपलं ते," तो म्हणाला. शब्दानं शब्द वाढला आणि बोलणंच तुटलं. म्हणजे मेला धडधडीत खोटं बोलला होता! तिला राग आला, आणि रागापेक्षा रडू जास्त आलं.

"शुद्ध" लिहिलं असतं तर कोण विचारणार होतं? भावाचा वर्षाचा माल सुटला असता. पण हात धजेना. तिनं "भेसळ" लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी फाटकापाशी जाऊन उभी राहिली.

तो आला. केस पिकले होते. तिला पाहून थबकलाच.

"ताई? तू इथे?"

"मीच तपासते."

"म्हणजे भेसळ तू लिहिलंस? आईच्या भाताला?"

"संपलं म्हणाला होतास ना?"

"बी दिलं असतं तर तुझं येणंच संपलं असतं. म्हटलं, मागायला तरी परत येशील. दरवर्षी लावत राहिलो. आलीस कुठे?" त्यानं मान फिरवली. "यंदा माणसं मिळेनात, यंत्रानं कापलं. त्याला काय कळतंय ओळ कुठली!"

"बी वेगळं ठेवलंस ना रे?"

"कुठलं! सगळं यातच आलं."

पोती गाडीत चढली. जाताना त्यानं एका पोत्यात हात घातला आणि मूठभर दाणे तिच्या ओंजळीत ओतले. "घे. मागितलं होतंस ना?"

ती वर आली. आईचे दाणे कुठले, बाकीचे कुठले, डोळ्यांना काही कळेना. मशीननं सांगितलं असतं, पण मशीनला दाणा दळून द्यावा लागतो.

"मॅडम, आल्या हो," हमाल म्हणाला आणि पळाला. ती ओंजळ धरून तशीच बसली. पुड्या उघडायला हात मोकळा नव्हता.