डाव्या डोळ्यातला पांढरा ठिपका

मी एक फोटो आहे. भिंतीवरचा नव्हे, फोनमधला. एका दुपारी खोलीत अंधारून आलं होतं, म्हणून फ्लॅश उडाला आणि मी जन्मलो. माझ्यात दोन वर्षांची चिमी आहे. नाकाला शेंबूड, हातात चमचा. उजवा डोळा काळाभोर. डाव्या डोळ्याच्या बाहुलीत मात्र दुधाच्या थेंबासारखा पांढरा ठिपका.

तो ठिपका पहिल्यांदा तिच्या आईच्या नजरेला पडला. तिने मला सासूबाईंपुढे धरलं.

"उजेड पडलाय गं. राईचा पर्वत करायची खोडच आहे तुला."

"अहो आई, पण एकाच डोळ्यात कसा पडेल?"

"मग दुसऱ्यातही पाडून घे."

आईला काही चैन पडेना. तिने लांबच्या, डोळ्यांच्या मोठ्या दवाखान्यात फोन लावला. तिथली बाई म्हणाली, असा ठिपका कधी डोळ्यातल्या गाठीचाही असतो, आधी अर्जासोबत फोटो पाठवा. डॉक्टरांना शंका आली तर आठवड्यात बोलावू, नाहीतर नंबर चार महिन्यांनी. झालं, सगळी भिस्त माझ्यावर.

पण अर्ज मला आत घेईना. मी फोनच्या जातीचा, एचईआयसी. तिथे हवा जेपीजी, तोही पन्नास केबीच्या आतला. आईने मला कितीदा तरी चढवलं, दर वेळी लाल अक्षरं आली. शेवटी ती मला घेऊन ऑनलाइन फॉर्म भरणाऱ्याच्या दुकानात गेली. तिथे पाचसहा माणसं उभी होती.

"फोटो कशाला पाहिजे?" त्याने विचारलं.

"फॉर्मला लावायचाय."

एवढंच बोलली ती. डोळ्याचं नाव चारचौघांत काढायला तिची जीभ रेटली नाही. बोललं की खरं होईल, अशी धास्ती असावी.

माणूस वाईट नव्हता हो. दिवसभर फॉर्मचे फोटो करून त्याचा हातच तसा बसला होता. मागचा पसारा पांढरा करायचा, डाग पुसायचे, डोळ्यातली फ्लॅशची चमक काढायची. त्याने मला आधी पीएनजी केलं. चमचा गेला, शेंबूड गेला. मग त्याच्या माउसचा बाण डाव्या डोळ्यावर आला. मी ओरडलो असतो, पण फोटोत तोंड असतं, आवाज नसतो. दोन टिचक्या, आणि बाहुली काळी झाली. मग जेपीजी करून त्याने मला दाबून दाबून अठ्ठेचाळीस केबीत बसवलं.

"बघा ताई, किती गोड दिसतेय. हा छोटा तुमच्या फोनवर पाठवतो, मोठा काढून टाका. फोन गच्च भरलाय तुमचा."

अर्जात चिमीचं नाव नीट लिहिलंय ना, तारीख बरोबर आहे ना, तेवढंच आईने घाईघाईने पाहिलं आणि मला चढवून अर्ज पाठवला. मोठा फोटो तिने तिथेच पुसला. मूळचा मी तिथे संपलो. उरलो तो हा असा, धुतलेला.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. फोटोत दोन्ही डोळे ठीक दिसतात, नंबर चार महिन्यांनी.

"सांगत नव्हते मी?" सासूबाई म्हणाल्या.

"तुमचंच खरं झालं, आई," ती म्हणाली, आणि बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवली.

आता मी तिच्या फोनमध्ये पडून असतो. चिमी हल्ली डाव्या अंगाला दाराच्या चौकटीवर आपटते. "धांदरट, बापावर गेलीय," असं आजी म्हणते, आणि सगळे हसतात. आईही हसते. पण मग ती कोपऱ्यात जाऊन मला उघडते, डोळा निरखून बघते. काळाभोर. आपल्यालाच तेव्हा तसं दिसलं असेल, असं आता तिला वाटतं. ती सुस्कारा टाकते आणि कामाला लागते.

बाई गं, मला बघू नकोस. लेकीला बघ. नवा फोटो काढ, नाहीतर तशीच उचलून दवाखान्यात ने.

पण माझं कोण ऐकणार? चार महिन्यांतला एक सरलाय. आज सकाळीही तिने मला पाहिलं, आणि तिला बरं वाटलं.