पोटात उरलेले वेढे

मी एक जुनी वायर आहे, मित्रांनो, आणि पहिल्यापासूनच भित्री आहे. कुणी बटणाकडे हात नेला तरी माझ्या पोटात गोळा येतो. तुम्ही म्हणाल, वायरीला कसलं आलंय पोट? आहे हो. ही सगळी कहाणी त्या पोटाचीच आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तांब्याच्या बारीक तारा एकत्र पिळून त्यांच्यावर आवरणं चढवली आणि वरून नारिंगी अंगरखा घातला. पंचवीस मीटर लांबी भरली. पहिल्यांदा तपासणीसाठी माझ्यातून वीज सोडली तेव्हा मला वाटलं, आटोपलं! तपासणारी बाई म्हणाली, "पास," आणि तिने मला बाजूला भिरकावलं. मी पास झाले यावर माझा अजून विश्वास बसत नाही.

मला एका सुतारमिस्त्रींनी विकत घेतलं. त्यांनी माझ्यासाठी स्वतःच्या हाताने लाकडी चाक केलं. चाकाच्या मधल्या भोकातून माझं एक टोक बाहेर काढून त्याला भिंतीत खोचायचा प्लग बसवला. दुसऱ्या टोकाला सॉकेट लावलं, त्यात करवतीचं नाहीतर रंध्याचं मशीन लागायचं. बाकी सगळी मी चाकावर गोल गोल गुंडाळलेली. ते वेढे म्हणजेच माझं पोट.

मिस्त्रींची एक सवय होती. काम हातभर अंतरावर असलं तरी ते आधी मला चाकावरून पूर्ण सोडायचे. एकही वेढा शिल्लक ठेवायचे नाहीत. मगच प्लग लावायचे. लोक हसायचे. "मिस्त्री, तीन हातांवर तर मशीन आहे, एवढी वायर कशाला पसरलीय?" मिस्त्री बोलणारे नव्हेत. नुसतं "हं" म्हणायचे आणि कामाला लागायचे. मला मात्र कळायचं. वेढे अंगाला अंग लावून बसलेले असताना वीज जास्त वेळ वाहिली की आतली ऊब बाहेर पडत नाही, साठत जाते. मोकळी पसरले की जिवाला गार वाटतं.

संध्याकाळी मला गुंडाळायचं काम मिस्त्रींच्या लेकीचं. सहा-सात वर्षांची होती, दोन वेण्यांची. वेढ्याला वेढा असा चिकटून लावायची की मध्ये नखही शिरू नये. मिस्त्री सगळ्यांना दाखवायचे, "बघा, माझी लेक कशी गुंडाळते!" मग तिच्याकडे वळून म्हणायचे, "शाबास!" ती एवढीशी पोर फुलून यायची आणि खरं सांगू, मीही फुलून यायचे. माझ्या आयुष्यातलं तेवढंच काय ते कौतुक.

पुढे मिस्त्रींचे गुडघे गेले आणि काम सुटलं. माझी रवानगी माळ्यावर झाली. कित्येक वर्षं मी धूळ खात पडले. आपल्याला कुणी विचारत नाही याचं वाईट वाटायचं, पण आता बटण नाही, म्हणून हायसंही वाटायचं. भित्र्यांचं असंच असतं, बघा.

तोवर दोन वेण्यांची पोर मोठी झाली. ती नर्स झाली. घरोघरी जाऊन जखमा धुवायची, पट्ट्या बदलायची, इंजेक्शनं द्यायची. या फिरतीसाठी तिने विजेवर चालणारी एक छोटी जुनी गाडी घेतली. गाडी चांगली होती, पण घर पहिल्या मजल्यावर, खाली जिन्याचं दार थेट फुटपाथवर, आणि गाडी उभी करायची ती रस्त्यावर, जिथे जागा मिळेल तिथे. घराला ना अंगण ना गॅरेज. चार्जिंगचं ठिकाण लांब, तिथे रांग नाहीतर "बंद आहे" असा कागद. त्यात मिस्त्री घरात पडले, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. आता त्यांनाही तपासणीला न्यावं लागणार. मग लेकीला माळ्यावरची मी आठवले.

पहिल्या दिवशी तिने मला पूर्ण सोडलं. खिडकीतून खाली, फुटपाथवरून आडवी, गाडीपर्यंत. माझा जीव अक्षरशः टांगणीला लागला होता. वरून पाहिलं तर काय उंची ती! उरलेली मी फुटपाथवर सैल पसरले होते. आणि जे व्हायला नको तेच झालं. खालच्या मजल्यावरच्या काकू पिशवी घेऊन आल्या, माझ्यात पाय अडकला आणि धाडकन पडल्या. गुडघा फुटला, चष्मा मोडला.

"अगं, माणसं मारायला घातलीस का ही दोरी?" काकू रस्त्यावर बसूनच ओरडल्या.

लेक धावत खाली आली. तिने काकूंचा गुडघा धुतला, पट्टी बांधली, दहा वेळा चुकलं म्हणाली. "काकू, शपथेवर सांगते, आजपासून एक वीतभरही जास्तीची वायर बाहेर दिसणार नाही."

तिने शब्द पाळला. तोच माझ्या मुळावर आला.

दुसऱ्या दिवसापासून ती लागेल तेवढीच मला बाहेर सोडायची, फुटपाथवर माझ्यावर पायपुसणं टाकायची. बाकीची सगळी मी चाकावर, लहानपणी गुंडाळायची तशीच नीटनेटकी. चाक मिस्त्रींच्या वॉकरच्या वाटेत येऊ नये म्हणून ती ते त्यांच्या कॉटखाली सरकवायची, आणि दिसायला वाईट नको म्हणून वर घडी घातलेली गोधडी. प्रत्येक गोष्ट कुणाच्या तरी काळजीपोटी. मी पोटातून गरम व्हायला लागले. तासाभराने ती गाडी काढायची, मी सुटायचे. रोज वाटायचं, आज निभावलं, उद्याचं काय? मिस्त्रींना सांगावंसं वाटायचं, पण मला कुठे तोंड आहे? आणि ते कॉटवर, मी कॉटखाली. त्यांना दिसायची ती खिडकीतून जाणारी तेवढीच मी.

मग तो दिवस आला. दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रींची तपासणी होती, दवाखाना लांब होता. गाडी अगदी रिकामी झाली होती. लेकीने दुपारी जेवणं झाल्यावर मला लावलं आणि म्हणाली, "बाबा, आज संध्याकाळपर्यंत राहू दे चार्जिंगला. मी पलीकडच्या गल्लीतली दोन ड्रेसिंग चालत करून येते. तुम्ही झोपा."

"हं," मिस्त्री म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

पहिला तास सरला. सवयीची ऊब. दुसरा तास सरला तेव्हा माझे आतले वेढे एकमेकांना चिकटायला लागले. मित्रांनो, माझी पाचावर धारण बसली! मेन बोर्डावरचं बटण आपोआप पडेल म्हणून वाट पाहिली, पण वीज काही जास्त जात नव्हती, त्याच्या लेखी सगळं ठीक होतं. गोधडीने माझी ऊब कोंडून धरली होती. माझा अंगरखा मऊ झाला, मग वितळायला लागला. चाकाच्या लाकडातून धुराची एक बारीक रेघ निघाली. वर तो माणूस घोरत होता, ज्याने मला कधी एक वेढाही कोंडून ठेवला नव्हता, आणि त्याला उठून पळता येत नव्हतं. मी त्याला जाळणार होते. मीच! अहो, उठा! मिस्त्री, उठा हो! मी ओरडत होते, पण वायरीचं ओरडणं कुणाला ऐकू जातं?

ऐकू नाही गेलं, वास गेला. मिस्त्रींचं घोरणं थांबलं. त्यांनी दोनदा नाक ओढलं.

"रबर," ते पुटपुटले. मग कॉटखालून धूर वर आलेला दिसला आणि त्यांचा आवाजच फाटला. "अगं ए! कोण आहे का? काकू!"

वॉकर खोलीच्या पलीकडच्या कोपऱ्यात होता, लोखंडी. बटण खिडकीशेजारी भिंतीवर, हात पुरत नव्हता. पण उशाशी त्यांची काठी होती, त्यांनी स्वतः घडवलेली, सुकी लाकडी काठी. ती उचलली. पहिल्यांदा काठी भिंतीवरच आपटली. दुसऱ्यांदा बटणाला घासून सटकली. गोधडीच्या कडेला लाल ठिपका दिसायला लागला होता. मिस्त्रींनी डोळा बारीक केला, जसा खिळा ठोकताना करायचे, आणि तिसऱ्यांदा नेम धरला.

खट्.

माझ्यातून वाहणारी वीज थांबली. तेवढ्यात काकू धापा टाकत वर आल्या, हातात पाण्याची बादली.

"पाणी नको! आधी प्लग ओढा, काकू!" मिस्त्री ओरडले.

काकूंनी प्लग ओढला, गोधडी बाहेर खेचली, बादलीत बुडवली. मग जमिनीवर बसकण मारून त्या रडायलाच लागल्या. "मिस्त्री, माझ्या एका गुडघ्यापायी तुमचा जीव गेला असता हो!"

लेक आली तेव्हा घरात धुराचा वास होता. तिने कॉटखाली पाहिलं. चाक बाहेर ओढून ती मला उलगडायला लागली. वरचे वेढे सुटले. आतले सुटेनात. ज्या वेढ्यांसाठी लहानपणी तिचं कौतुक व्हायचं, तेच वितळून एकजीव झाले होते.

"मला वाटायचं, पूर्ण सोडायची ही तुमची खोड आहे," ती म्हणाली. तिला रडू आवरत नव्हतं. "का करता, असं एकदा तरी विचारायला हवं होतं."

मिस्त्रींनी काठी पुन्हा उशाशी ठेवली. "तू गुंडाळलीस की शाबास म्हणायचो. सोडायची का असते, ते सांगितलंच नाही कधी. चूक माझीही आहे, पोरी."

दुसऱ्या दिवशी ते काकूंच्या भाच्याच्या गाडीतून तपासणीला गेले. येताना लेकीने जिथे ती नोकरीला आहे त्या दवाखान्याच्या मोठ्या बाईंना धीर करून विचारलं, आवारात गाडी चार्जिंगला लावू का म्हणून. इतके दिवस विचारायची लाज वाटत होती. बाई म्हणाल्या, "अगं, मग आधीच का नाही बोललीस?" तिथे भिंतीवर गाडीसाठीचाच चार्जर आहे. आता खिडकीतून खाली काही जात नाही.

माझा जळका गोळा मिस्त्रींनी कापून टाकला. उरलेले आठ मीटर तपासले, नवा प्लग लावला आणि एक नवं छोटं चाक केलं. बसल्या जागी ते हल्ली छोट्या मशीनने फळ्यांना भोकं पाडतात, तेवढ्यापुरतीच मी. गाडीच्या वाटेला मला पुन्हा कुणी नेणार नाही.

मित्रांनो, घरात माझ्यासारखी एखादी असेल तर तिला वापरण्याआधी पूर्ण उलगडा. तिच्यावर चादर, गोधडी टाकू नका. आणि थोरांची एखादी सवय हसण्यासारखी वाटली, तर हसून झाल्यावर त्यांना विचारा तरी, की असं का करता. मी भित्री आहे, म्हणून पुन्हा पुन्हा सांगते.

अजूनही बटणाकडे हात गेला की माझ्या पोटात गोळा येतो. पण परवा मिस्त्रींना एका फळीला भोक पाडायचं होतं. मशीन तर प्लगपासून दोन हातांवर. लेकीने मला उचललं, दार उघडून जिन्यापर्यंत गेली आणि एक एक वेढा सोडत मला शेवटपर्यंत मोकळी पसरली. चाक उलटं करून रिकामं असल्याचं बाबांना दाखवलं.

मिस्त्री कॉटवरून म्हणाले, "शाबास!"

चाळिशीची ती नर्स, दोन वेण्यांच्या पोरीसारखी फुलून आली.