एवारिस्तोचा मासा

“बाई, आधी बसा बघू.”

“उभ्यानंच सांग. बसवून सांगायला निघालीस म्हणजे बातमी वाईटच असणार.”

मफाल्दानं हातातले कागद टेबलावर ठेवले, उचलले, पुन्हा ठेवले. देओलिंदाला पोरीची दयाच आली. फुंशाल शहरातल्या त्या लहानशा संग्रहालयात मासे बघणाऱ्या दोघीच. एक पुढच्या वर्षी निवृत्त होणार, दुसरी तिच्या खुर्चीवर बसणार.

“आपला मासा नरच निघाला ना?” शेवटी देओलिंदानंच विचारलं.

“हो.”

“आणि मादी? मादी कोणती त्याची?”

“ती लाल, मोठ्या तोंडाची. शंभर वर्षांपूर्वी नाव दिलेली. सिग्रिद.”

देओलिंदा बसली.

खोल पाण्यातल्या या माशांनी भल्याभल्या विद्वानांना पिढ्यान्‌पिढ्या मामा बनवलं होतं. मादी लालभडक, वीतभर लांब, जबडा फाकलेला. नर जेमतेम बोटाएवढा आणि नाकाड्या. मोठा झाला की त्याचं तोंड निकामी होतं, पोट नाहीसं होतं. लहानपणी खाल्लेलं यकृतात साठवायचं, त्याच्यावर उरलेले दिवस काढायचे आणि त्या काळ्याकुट्ट अंधारात नुसत्या वासावर बायको हुडकत फिरायचं! पिल्लांची तऱ्हा तिसरीच, त्यांच्यामागं शेपटाची लांबलचक रिबीन. विद्वानांनी तिघांची तीन कुळं केली, वंशवृक्षाला तीन फांद्या काढल्या, त्यांची उत्क्रांती कशी झाली यावर वाद घातले. मग एके दिवशी कळलं, की अहो, ही तर एकाच घरातली आई, बाप आणि लेकरं! फांद्या भराभर छाटल्या गेल्या.

त्या छाटणीत देओलिंदाचा नाकाड्या मासा तेवढा वाचला. त्याच्यासारखा दुसरा कुणाला सापडलाच नव्हता, आणि असलेल्या एकुलत्या एकाला तिनं तपासणीसाठी कुणाला कात्री लावू दिली नव्हती. या वसंतात मफाल्दानं भीतभीत विचारलं आणि तिला नाही म्हणवलं नाही. जायची वेळ आली की माणूस जरा सैल होतो.

मासा तिच्या नवऱ्यानं आणलेला. एवारिस्तो हा कामारा द लोबुश गावचा कोळी, काळ्या एस्पादाच्या, तलवारीसारख्या लांबट माशाच्या मागं असायचा. एस्पादा पकडायला हजार मीटर खाली गळ सोडावे लागतात. वर ओढलेल्या एस्पादाचं पोट फाडलं की आत कधीकधी न पचलेले भलतेच मासे निघत. बाकीचे कोळी ते समुद्रात भिरकावून देत, एवारिस्तो बाटलीत घालून बायकोला आणून द्यायचा. लग्नाआधीपासूनची त्याची ही रीत. मासे टिकवायचं फॉर्मॅलिन मात्र होडीवर नको म्हणायचा, डोळे चुरचुरतात. सरळ उसाची दारू ओतायचा बाटलीत.

“अरे, दारूत काय घालतोस? हसतात मला तिथं सगळे!”

“हसू देत. जन्मभर उपाशी फिरला बिचारा. आता दोन घोट घेऊ दे की!”

या माशाची बाटली दिली आणि त्याच हिवाळ्यात त्याची होडी परत आली नाही. ना प्रेत मिळालं, ना कुठं थडगं बांधता आलं. देओलिंदानं दिवसरात्र खपून माशाचं वर्णन लिहिलं आणि त्याला नवऱ्याचं नाव दिलं. जगात एवारिस्तोच्या नावाचं तेवढंच उरलं होतं.

आणि आता ते नाव त्याच्याच दारूनं घालवलं. फॉर्मॅलिनमध्ये मुरलेल्या माशाची जनुकं वाचता येणं महाकठीण, दारूतल्या माशाची वाचता येतात. दोन माशांची कुंडली एक निघाली की जुनं नाव राहतं आणि नवं पुसलं जातं, असा नियमच आहे.

“बाई,” मफाल्दा हळूच म्हणाली, “तुकडा इवलासा होता. इतका जुना, त्यात घरगुती दारू. नमुना खराब निघाला म्हणून सोडून देता येईल. मी कुणापाशी बोलणार नाही.”

“तू असं करशील?”

“तुमच्यासाठी करीन.”

हो म्हणावंसं वाटलं देओलिंदाला. अगदी मनापासून वाटलं. एक अक्षर तर बोलायचं होतं. पण तेवढ्यात दार वाजलं आणि काळ्या कपड्यातली काझिमिरा शेवंतीची फुलं घेऊन धापा टाकत आत आली. एवारिस्तोची आई. आज मृतांचा दिवस, सगळं गाव फुलं घेऊन दफनभूमीत जातं. ही म्हातारी दरवर्षी बस पकडून इथं येते आणि माशाच्या बरणीपाशी फुलं ठेवते.

“मेला तो जिना! दरवर्षी एक पायरी वाढवतात की काय? आणि तुमची तोंडं का अशी? कोण गेलं?”

“कुणी नाही, आई. बसा तुम्ही.”

“देओलिंदा, माझ्यापुढं नाटक नको. तुला जमत नाही ते.”

देओलिंदानं सांगितलं. नर, मादी, नियम, सगळं. म्हातारी फुलं मांडीवर धरून ऐकत राहिली.

“म्हणजे माझा पोरगा आता कुठंच नाही,” ती म्हणाली.

“बरणी राहील, आई. मासा कुणी हलवणार नाही. फक्त नाव राहणार नाही.”

“मग नाव कुणाचं?”

“सिग्रिदचं. नॉर्वेतल्या एका प्रोफेसरांची मुलगी होती.”

“घराणं बरं आहे म्हणायचं.” म्हातारीनं मफाल्दाकडं बोट दाखवलं. “आणि हे खरं आहे? या पोरीनं नीट बघितलंय?”

मफाल्दानं मान खाली घातली. ती काही बोलणार नव्हती. बोलायचं होतं देओलिंदानं.

“खरं आहे, आई,” ती म्हणाली. “मीही तपासलं असतं तर हेच निघालं असतं. म्हणून तर इतकी वर्षं तपासलं नाही.”

म्हातारीनं तिचा हात आपल्या खरबरीत हातात घेतला. “ठाऊक होतं मला. तू त्याला पुरलंच नाहीस गं. मी दरवर्षी पुरून जात होते, तू पुन्हा वर काढून ठेवत होतीस. लिही आता. माझ्यासमोर लिही.”

बरणीतली जुनी चिठ्ठी कधी काढायची नसते. नवी लिहून तिच्याशेजारी सोडायची. देओलिंदानं जाड कागदाचा तुकडा घेतला, शाईची बाटली उघडली. वर्णन लिहिताना थांबला नव्हता तो हात आता अडला आणि डोळ्यांतून धारा लागल्या. इतक्या वर्षांत ती कुणासमोर रडली नव्हती. मफाल्दानं कागद पुढं सरकवून धरला. अक्षरं वेडीवाकडी आली, पण आली. तिनं शाई वाळू दिली, झाकण उघडलं आणि चिठ्ठी आत सोडली. ती सावकाश खाली गेली आणि एवारिस्तोच्या नावाला टेकून उभी राहिली.

“काय लिहिलंस? वाच.”

“सिग्रिद.”

“सिग्री?”

“सिग्रिद, आई. शेवटी द.”

म्हातारी ओठातल्या ओठात घोकत राहिली, दारात आलेल्या नव्या सुनेचं नाव पाठ करावं तशी. मोठ्यानं म्हणून बघितलं, चुकलं. देओलिंदानं पुन्हा सांगितलं. मग नीट जमलं, तेव्हा तिनं फुलं बरणीपाशी ठेवली.