धवलारीण पायी येते

कोलशेतच्या धाकू म्हात्र्याला पैसा मिळाला आणि त्याचे पाय गेले. तसे पाय धडधाकट होते, पण ते जमिनीला लावायचे नाहीत असा त्याने जणू पणच केला होता. बाप मिठागरात खपला, धाकूनेही ऐन जवानीत डोक्यावरून मिठाच्या पाट्या वाहिल्या. आता मिठागरेच नावावर झाली, तेव्हा देवळात जायचे तरी दारात गाडी जुंपली जायची. खुशाल जुंपावी, आपले काय जाते? पण थोरल्या गणूचे लग्न आंबिवलीच्या बायजाशी ठरले आणि धाकूने गावाला ऐकवले, "वऱ्हाड गारीतनं जाईल. गारीत मावेल तो वऱ्हाडी. बाकीच्यांनी घरी ऱ्हावा."

गाडीत कोण मावणार हे सांगायला नकोच. पागोटेवाले मावले. मिठागरातले गडी, त्यांच्या बायका, गणूला खांद्यावर खेळवलेली म्हातारी माणसे मागे उरली.

शेवंतीला मात्र त्याने जागा ठेवली होती. ठेवणे भागच होते, कारण शेवंती धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण धवले गाते, देवांना बोलावते, तेव्हा कुठे लग्न लागते. शेवंती लग्नाला निघाली की वाटेतल्या प्रत्येक वेशीवर थांबायची आणि तिथल्या देवीला गाण्यातून आमंत्रण द्यायची. मांडवाच्या दारात तिचे धुळीचे पाय धुतले जायचे, मगच ती आत शिरायची. सासूने तिला धवले शिकवले तसा हा मानही शिकवला होता.

"पहिल्या गारीत बस," धाकू म्हणाला. "व्याह्याच्या दारात माझी धवलारीन भेगाळल्या पायांनी नको."

"गारीतनं कनच्या देवीला हाक मारू? बैलाच्या शेपटाला?" शेवंतीने विचारले. "मी चालत ठान्याला जाईन, तिथनं आगगारीनं कल्यान, न मंग परत चालत. ज्याला पाय हायेत तो माझ्यासंगं येईल."

"मंग येऊच नको. भट सांगतो मी. आता मोठी घरं भटाकडनंच लग्न लावतात."

धाकूच्या घरी आज भट आला की उद्या शेजारी येणार, परवा गावभर. शेवंतीला ना लेक ना सून. सासूचे धवले तिच्याबरोबर सरणावर जाणार. भ्याली ती, खोटे कशाला सांगा. पण भ्याली की तिचा आवाज चढायचा.

"सांग भटाला. मी येनार म्हंजे येनार!"

लग्न पुनवेला होते, गोरज मुहूर्तावर. पहाटे घुंगरे वाजवीत गाड्या निघाल्या, खाडी उतरून भिवंडीच्या अंगाने. त्यांची धूळ बसते न बसते तोच शेवंती घराघरापुढून ओरडत सुटली, "अरे, निजलाव काय? गणू काय निसता गारीवाल्यांचा हाय? उठा!"

कोणी हलेना. साऱ्यांचे पोट धाकूच्या मिठागरावर. शेवटी म्हातारा काळुराम काठी टेकत बाहेर आला. "धाकू कामावरनं कारून टाकील तर टाकू दे. पोराच्या लग्नाला मी जानार," म्हणाला. मग बायकांनी लुगडी खोचली आणि ठाण्याची वाट धरेपर्यंत आळी रिकामी झाली.

ठाण्याच्या स्टेशनात ही अनवाणी वरात पाहून तिकीटबाबूने चष्मा कपाळावर चढवला. थर्ड क्लासच्या डब्यात बायका बाकांवर बसायला लाजल्या. "बसा गो," शेवंती म्हणाली, "इथं कोनी मावत नाय असं नसतं." मुंब्रा आले तशी तिने खिडकीतून तोंड बाहेर काढून डोंगरावरच्या देवीला आमंत्रण गायले. डोळ्यात कोळशाची कणी गेली, तर डोळा चोळत एक ओळ इंजिनासाठीही जोडली, "आगीनमाय, तूपन ये." डब्यातली परकी माणसेही हसली.

कल्याणपासून चालत, वेशीवेशीवर थांबत, ऊन उतरता उतरता शेवंती सगळ्यांना घेऊन आंबिवलीच्या मांडवाशी पोचली. मांडवात भटजी होते, पाण्यात त्यांचे घटिकापात्र तरंगत होते. नवराच नव्हता. गाड्या खाडीकाठच्या चिखलात रुतल्याची बातमी नुकतीच एका वाटसरूने आणली होती. मिठागरात जन्म काढलेल्या माणसाने पंचांगात मुहूर्त पाहावा आणि पुनवेचे उधाण विसरावे, म्हणजे कमालच झाली!

शेवंतीला हसू फुटले. मग तिची नजर बायजाकडे गेली. हळदीने माखलेली ती पोर ओठ दाबून रडू आवरत होती. मुहूर्त टळला तर लोक नवऱ्यामुलालाही नाही आणि गाड्यांनाही नाही, तिलाच अपशकुनी म्हणणार होते.

"पात्र बुडालं की मुहूर्त गेला," भटजी म्हणाले.

"तुमचा गेला. धवला संपत नाय तवर माझा मुहूर्त हाय!"

धवलारीण नको असा धाकूचा निरोप होता, म्हणून तिचे पाय कोणी धुतले नव्हते. पाय न धुता ती आत जाईना. दारातच उभी राहून तिने धवला धरला. काळुरामाने, बायकांनी ओळ उचलली. बायजाही ऐकता ऐकता पुटपुटू लागली. पात्र बुडाले. शेवंती गात राहिली. दिवस मावळला, तिचा आवाज चिरकला, तरी ती थांबली नाही.

अखेर गणू आला, मागून धाकू. दोघेही पायी, कंबरेपर्यंत चिखल, पागोटे काखेत. शिंपल्यांनी धाकूचे तळवे फाटले होते. बायजाचा बाप व्याह्याचे पाय धुवायला तांब्या घेऊन धावला. धाकूने आधी उंबऱ्याबाहेरच्या शेवंतीकडे पाहिले. त्याने तांब्या हातात घेतला, वाकला आणि तिच्या पायांवर पाणी ओतले. शेवंती गातगातच आत गेली आणि लग्न लागले.

रात्रभर झोप मिळाल्यावर धाकूचा ताठा परत आला. सकाळी त्याने व्याह्याची गाडी दारात आणवली. "माझी सून चालनार नाय!"

बायजाने गाडीकडे पाहिले, मग गाठोडी घेऊन उभ्या असलेल्या माणसांकडे. "तुमीच बसा, मामंजी," ती म्हणाली. "तुमचं पाय फाटलेत. माझं चांगलं हायेत." आणि ती कल्याणच्या वाटेला लागली. गणू पाठोपाठ निघाला.

वेशीवर शेवंती सवयीने थांबली. तिने तोंड उघडले, पण घशातून नुसती हवा आली. आवाज सगळा काल रात्री खर्चून गेला होता. तेवढ्यात नव्या नवरीने पदर सावरला, देवीकडे तोंड केले आणि कालचीच ओळ धरली. सूर जरा चुकला. शेवंतीने तिचा हात धरून ठेका दिला.